राखेच्या रंगाचं अंडं

टोपलीतलं अंडं हातात घेतलं आणि ज्योतीरामच्या बोटांना आधी कळलं, डोळ्यांना मागाहून. ते नेहमीसारखं गुळगुळीत नव्हतं. पिठूळ होतं. त्याने ते दाराशी नेऊन उजेडात धरलं. घरच्या कोंबड्यांची अंडी तांबूस असायची, चहात दूध जरा जास्त पडल्यावर होतो तसल्या रंगाची. हे राखेच्या रंगाचं होतं, आणि त्या राखेत जांभळं खाल्ल्यावर ओठांवर उरते तसली एक झाक होती. दुसऱ्या पाळीचा आठवडा होता. कारखान्याचा भोंगा दुपारी व्हायचा, तोवरची सकाळ रिकामी, आणि रिकामी सकाळ ज्योतीरामला कधी मानवली नाही. घरी बसला की त्याला घर दिसायचं. माठावरचं झाकण तिरकं दिसायचं, दोरीवरच्या लुगड्याचा काठ जमिनीला टेकलेला दिसायचा, आणि मग तोंड सुटायचं. आज मात्र अंड्याकडे बघताना त्याला शब्दच सुचेनात. "हे काय?" एवढंच तो म्हणाला. चुलीपुढे बसलेल्या शालनने मान वर केली, अंडं पाहिलं, पुन्हा मान खाली घातली. "अंडं," ती म्हणाली. हल्ली ती अशीच बोलायची. विचारलं तेवढं सांगायचं, आणि त्यातलंही निम्मं गिळायचं.

बार्शीकडचं गाव सोडून ज्योतीराम इकडे आला तो पिंपरीच्या माळावर औषधाचा नवा कारखाना निघाला म्हणून. बाटल्या धुण्याच्या खात्यात त्याला काम लागलं. तिथे सगळं पांढरं. पांढऱ्या फरश्या, पांढरे डगले, पांढरी वाफ. साहेब लोक एकेक बाटली उजेडात धरून डाग शोधायचे, आणि डाग सापडला की अख्खी पेटी परत धुवायला. तिथे चकार शब्द काढायची सोय नव्हती. दिवसभर न काढलेले ते शब्द सायकलवर बसून त्याच्याबरोबर घरी यायचे. घर म्हणजे कासारवाडीत छबूबाईच्या परसातल्या दोन खोल्या. छबूबाई गावची जुनी शेतकरीण, नवरा मागेच गेलेला, माळावरचा तुकडा सरकारने घेतलेला. भाडेकरू ठेवल्यावाचून तिचं भागत नव्हतं आणि भाडेकरूंना शिव्या घातल्यावाचून तिला घास उतरत नव्हता. "तुमी आलात आन् हितलं वारं बी नासलं," ती ज्योतीरामला तोंडावर म्हणायची, कारण वारा फिरला की कारखान्याचा कुबट वास कासारवाडीवर पसरायचा. जणू तो वास ज्योतीरामच खिशात भरून आणतो. तोही काही कमी नव्हता. तिच्या तुळशीजवळून जाताना मुद्दाम वहाणा फरफटत जायचा. रस्त्याच्या वळणावर बाभूळ होती, तिथे आलं की तो मोठ्याने खाकरायचा. घरात बाईमाणूस कसंही बसलेलं असतं, पुरुषाने खाकरून यावं, ही त्याच्या गावाकडची रीत. पण खरं सांगायचं तर त्या खाकरण्याचं त्याला सुख वाटे. बाभळीपाशी खाकरलं की घर एकदम गप्प व्हायचं, आणि त्या गप्प होण्याला तो वचक म्हणायचा.

अंडं त्याने ठेवून दिलं नाही. तांब्यातल्या पाण्याने ते ओलं केलं, अंगठ्याने चोळलं, आणि बघता बघता राख नाहीशी होऊन खालून तांबूस रंग वर आला. त्याचा जीव भांड्यात पडला. मग अंडं खिडकीच्या फळीवर ठेवून तो दाढी करायला बसला, आणि दाढी उरकून बघतो तर राख पुन्हा जागच्या जागी. आता मात्र त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिवाळीला या दोन खोल्या त्यानेच रंगवल्या होत्या. चुन्याचा हात ओला असतो तोवर भिंतीवर काही दिसत नाही, माणसाला वाटतं हात लागलाच नाही, आणि वाळलं की पांढरं उठून येतं. चुना. अंड्याला कोणीतरी चुना फासला होता. नखाने खरवडलं तर भुकटी निघाली. आणि या परसात चुना बाळगणारं दुसरं कोण होतं? छबूबाईच्या कमरेला पितळी डबी असायची, तिच्यात पानाचा चुना. दिवसभर ती बोटाने चुना काढायची आणि उरलेला भिंतीला पुसायची. लहानपणी गावच्या तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तिथे, त्याने राख फासलेलं अंडं पाहिलं होतं, लिंबू आणि काळ्या चिंधीसकट. आईने दंडाला धरून त्याला असं ओढलं होतं की दंडावर बोटं उठली. "कुणाचं तरी घर मोडायला टाकलंय," ती म्हणाली होती. ज्याच्यावर टाकलंय त्याचं माणूस त्याला विटतं, घरात असून घरात राहत नाही. ज्योतीरामने चुलीकडे पाहिलं. शालन भाकरी थापत होती, तिची पाठ त्याच्याकडे होती, आणि त्या पाठीला तो आलेला, गेलेला, उभा असलेला सगळं कळत असावं असं त्याला वाटलं. तिचं काय बिनसलंय ते इतके महिने त्याला उमगत नव्हतं. आता उमगलं. उमगलं म्हणून बरंही वाटलं, कारण दोष आता कमरेला डबी लावून अंगणात फिरत होता.

शालनला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कोणाचं दुमत असायचं कारण नव्हतं. पण तिचा भाऊ दत्तोबा न्यायला आला तेव्हा ज्योतीरामने त्याला चहा पाजून परत लावून दिलं होतं. कारण सांगितलं नाही. कारण असं होतं की त्याने तिची ट्रंक उघडून पाहिली होती. बाळंतपणाला जाणारी बाई सणाची लुगडी कशाला नेते? भिंतीवरचा हातभर आरसा कशाला काढते? वर तिने सांगून टाकलं होतं की कोंबड्या छबूबाईला देऊन जाते, माघारी त्यांच्याकडे कोण बघणार. मी बघेन, तो म्हणाला होता. त्यावर तिने फक्त कोंबड्यांकडे पाहिलं. तिन्ही कोंबड्या तिने माहेरून आणलेल्या, आणि ज्योतीरामचं त्यांच्याशी कधी जमलं नाही. तिसऱ्या पाळीहून येऊन डोळा लागतो न लागतो तोच एखादी अंडं घालून गाव गोळा करायची. मग हाताला येईल ते तिच्या दिशेने जायचं. तांब्या, वहाण, एकदा तर पाटा धुवायचं भांडं. शालनवर मात्र त्याने कधी हात उचलला नव्हता. या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. बापाचा हात त्याने पाहिला होता, आईची सुजलेली कानशिलं पाहिली होती, आणि आपण तसलं काही करणार नाही असं ठरवून ते त्याने पाळलं होतं. तो फक्त बोलायचा. बोलण्याने कोणाला लागतं का?

पहिल्या पाळीचा आठवडा आला. पहाटे घर सोडायचं, दुपार कलल्यावर परत. आल्याआल्या तो टोपली तपासायचा, आणि अंडी तांबूस, गुळगुळीत, निर्मळ. पुढचा आठवडा तिसऱ्या पाळीचा, सकाळभर तो घरी, की लगेच राखेची अंडी. ज्योतीराम मनातल्या मनात टाळी वाजवायचाच बाकी राहिला. म्हातारी काय हुशार! तो नसला की काही नाही, तो घरात असला की चुना. म्हणजे करणी शालनवर नाही, कोंबड्यांवर नाही, नेमकी त्याच्यावर. त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या घरात, त्याच्या टोपलीत. इतकं सरळ गणित होतं, आणि त्याचा ताळा त्याने स्वतः केला होता, तरी त्याला उत्तर दिसलं नाही. माणसाला राग आला की त्याला सगळं दिसतं, आपण तेवढे दिसत नाही.

त्याने छबूबाईला अंगणातच गाठलं. ती दगडावर बसून कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी घालत होती. त्याने दोन अंडी तिच्यापुढे धरली, एक आदल्या आठवड्यातलं तांबूस, एक राखाडी. "ही कुणाची करामत?" तो म्हणाला. तिने डोळे बारीक करून पाहिलं. "कोंबडीची," ती म्हणाली. "मला शिकवू नका. चुना आहे हा. डबी दाखवा." आजूबाजूच्या दोन-चार बाया दारात आल्या. छबूबाईने सावकाश डबी सोडली आणि त्याच्या पायाशी टाकली. "बघ. चाटून बघ. आरं, म्हाजा चुना म्हाज्या पानाला पुरंना, तुज्या अंड्याला कुठनं फासू?" "माझ्या बायकोचे कान कोण भरतं, ते मला ठाऊक आहे." "त्या पोरीचे कान भराय जागा तरी हाय का? तू ठेवलीयास का रिकामी?" ती उठून उभी राहिली, गुडघ्यांवर हात दाबत. "जमीन घेतली त्यानी बी असंच इचारलं न्हाई, नुस्तं येऊन हुबं ऱ्हायले. तू बी तसलाच. जाऊन त्या कोंबडीला इचार जा, ती सांगंल." बाया फिदीफिदी हसल्या. ज्योतीरामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने राखाडी अंडं तिच्या वाफ्यात आपटलं. पिवळा बलक कोथिंबिरीवर ओघळला, आणि त्याला दिसलं की घराच्या दारात शालन उभी आहे, पोटावर हात ठेवून, आणि श्वास रोखून. तो रोखलेला श्वास त्याला दिसला खरा, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

रविवारी दत्तोबा पुन्हा येणार असा निरोप आला. ज्योतीरामनेही ठरवलं, रविवारी सोक्षमोक्ष. करणी पकडायची, शालनला दाखवायची, तिच्या मनावरचा पडदा दूर करायचा. मग जा म्हणावं खुशाल माहेरी, आरसा मात्र भिंतीवर लाव. उजाडताच त्याने कबरी कोंबडीला पकडलं आणि आतल्या खोलीत डालग्याखाली कोंडलं. दाराला कडी घातली, खिडकी लावली, आणि डालग्यासमोर पाट मांडून बसला. आता येऊ दे छबूबाईला. शालन बाहेरच्या खोलीत ट्रंक बांधत होती. पट्टा ओढल्याचा आवाज येत होता. डालग्याच्या कांबींमधून कबरीचा एक गोल डोळा त्याच्यावर रोखलेला होता आणि तो लवत नव्हता. तिने खाली बसून पिसं फुलवली, आता घालणार असं वाटलं, आणि ज्योतीरामने नुसती मांडी बदलली तर ती पुन्हा उठून उभी राहिली. असं परत परत झालं. बसायची, त्याच्याकडे बघायची, उठायची. "घाल की," तो दबक्या आवाजात म्हणाला. मग जरा गोड आवाजात म्हणाला. गोड आवाज त्याला स्वतःलाच ओळखीचा वाटला नाही, आणि कोंबडी तर डालग्याच्या पार टोकाला जाऊन चिकटली. तिचं सबंध अंग आकसलं होतं, शेपटीपासून मानेपर्यंत. तिने काहीतरी आत धरून ठेवलं होतं आणि ते धरण्यात तिचा सगळा जीव गोळा झाला होता.

ते धरून ठेवणं त्याच्या पोटाला ओळखीचं वाटलं. कुठून ते आधी कळेना. मग ओटीपोटात एक जुनी कळ आली आणि त्याला वास आला, ओल्या गोधडीचा. गावच्या घरात बाप संध्याकाळी वेशीतल्या पारापाशी खाकरायचा. ते खाकरणं आलं की जात्यावरची आईची ओवी अर्ध्यात तुटायची, बहीण सागरगोटे ओच्यात लपवायची, आणि पोरगेला ज्योतीराम जिथे असेल तिथे थिजायचा. मोरी अंगणापलीकडे, अंगणात बापाची बाज. बाजेवरून जायचं म्हणजे बापाच्या नजरेखालून जायचं. मग तो धरून ठेवायचा. मांड्या आवळून, ओठ दाबून, बाप जेवेस्तोवर, बाप निजेस्तोवर. मग कधीतरी झोपेत ते सुटायचं आणि सकाळी गोधडीवरून मार बसायचा. बाप मारायचा ते त्याला पुढे विसरता आलं. ते खाकरणं विसरता आलं नाही. मार क्षणभराचा असायचा, पण धरून ठेवणं रोजचं होतं, घरातली भांडीसुद्धा आवाज धरून ठेवायची. त्याला वाटलं, आपण उठावं, दार उघडावं, कोंबडीला सोडावं. पण तो उठला नाही. कडी लावलेली, खिडकी बंद, पुरावा समोर. इतक्या जवळ आल्यावर कोण उठतं?

ऊन खिडकीच्या फटीतून जमिनीवर आलं तेव्हा कबरीचं अंग एकदम सैल झालं. ती थरथरली आणि अंडं जमिनीवर आलं. ज्योतीरामने डालगं उचललं. कोंबडी त्याच्या पायांमधून निसटून कोपऱ्यात गेली. अंडं ओलं होतं, गरम होतं, आणि रंग तांबूस होता. त्याचा ऊर भरून आला. "शालन!" तो ओरडला, "ये, बघ ये! कोणी शिवलं नाही, कोणी आलं नाही, आणि बघ कसं आहे अंडं!" तिने येऊन कडी वाजवली, त्याने दार उघडलं. तळहातावर अंडं धरून तो तिच्यापुढे उभा राहिला. कितीतरी दिवसांनी ती त्याच्या इतक्या जवळ उभी होती. ती अंड्याकडे बघत राहिली, तोही बघत राहिला, आणि दोघांच्या देखत अंड्याचा ओलावा सुकायला लागला. एका टोकाकडून रंग फिका पडला. मग पांढुरकं उठलं, भिंतीवर उठतं तसं. राख हळूहळू सगळ्या अंड्यावर आली, आणि तिच्यात ती जांभळी झाक. ज्योतीरामच्याच तळहातावर, आणि अंड्याला त्याच्याशिवाय कोणी शिवलं नव्हतं.

"हे कसं?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून असेल, शालन बोलली. किंवा भाऊ गाडीतून उतरला असेल या भरवशावर बोलली. "आमच्याकडं परड्यात मुंगूस फिरायला लागलं की अशी अंडी यायची," ती म्हणाली. "आई सांगायची, कोंबडी भ्याली की अंडं बाहेर टाकत नाही, आत धरून ठेवते. कवच तयार झालेलं असतं, पण अंडं आत आहे तोवर त्यावर आणखी चुना चढत राहतो. कुणी बाहेरून लावत नाही तो." ज्योतीरामने अंडं या हातातून त्या हातात घेतलं. "पण इथे मुंगूस कुठं आहे?" त्याने विचारलं. खरोखरच विचारलं. शालन त्याच्याकडे बघत राहिली. कोपऱ्यातून कबरीही बघत होती. पहिली पाळी, तांबूस अंडी. दुसरी पाळी, तिसरी पाळी, राखेची. ताळा कधीचाच झालेला होता. "तुम्ही कधी मारलं नाहीत," शालन म्हणाली, जणू त्याची बाजू तीच मांडत होती. "ते मी घरी सांगेन. खोटं सांगणार नाही." आणि तिने हात पुढे करून त्याच्या हातातलं अंडं काढून घेतलं, ते पडेल म्हणून.

तो बाहेर आला. अंगणात छबूबाई होती, तिने त्याच्याकडे पाहून तोंड फिरवलं आणि ती त्याच्या अंगावरून सरळ त्याच्या घरात गेली. एरवी त्याने तिला उंबऱ्यावरच अडवलं असतं. तो चालत वळणापर्यंत गेला आणि बाभळीखालच्या दगडावर बसला. पुढे स्टेशनकडून पिशवी घेऊन दत्तोबा येताना दिसला. दाजीला बघून त्याची पावलं जड झाली, चेहऱ्यावर ते सावध हसू आलं. ज्योतीरामने हे हसू अनेकांच्या तोंडावर पाहिलं होतं आणि त्याला तो आजवर मान समजत आला होता. "दाजी, हितं का बसलाय?" दत्तोबाने विचारलं. "तुम्ही जा आत," ज्योतीराम म्हणाला. "ट्रंक बांधून तयार आहे. दुपारच्या गाडीनं निघा." "आन् माघारी कधी धाडायची म्हनता?" ज्योतीरामला सांगायचं होतं, की तिला येऊ वाटेल तेव्हा. की ती येईल का हे तुम्हीच तिला विचारून मला कळवा. की ती आली नाही तर मी या गप्प घरात काय करू, मला भीती वाटते. यातलं त्याने काहीच सांगितलं नाही. "तिला विचारा," एवढंच म्हणाला, आणि एवढ्यानेही दत्तोबा चमकला.

दत्तोबा आत गेला. थोड्या वेळाने घरातून कोंबडीचा आवाज आला. कबरी होती, उशिरा का होईना गाव गोळा करत होती. मग छबूबाईचं काहीतरी ठसक्यातलं बोलणं, दत्तोबाचा जाड आवाज, आणि मग एक हसू. पहिल्यांदा त्याला ते कोणाचं ते ओळखू आलं नाही. बारीक, गळ्यातून फुटणारं, मध्येच श्वास घेऊन पुन्हा सुरू होणारं. मग ओळखलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकलं होतं. म्हणजे ते कुठे गेलं नव्हतं. याच घरात, याच भिंतींत होतं, रोज, तो वळणापलीकडे असताना. त्याला उठून जावंसं वाटलं, दारात उभं राहून ती हसताना कशी दिसते ते नुसतं एकदा बघावंसं वाटलं, आणि त्याचबरोबर हेही कळलं की तो जाईल तोवर तिथे हसू नसेल. वारा फिरला. कारखान्याचा कुबट वास बाभळीखाली आला आणि त्याच्या घशात खवखव झाली. खाकरा वर यायला लागला. हे वळण, ही जागा, आणि हा त्याचा रोजचा आवाज. आत शालन काहीतरी सांगत होती, लांबलचक, वाक्यामागून वाक्य. ज्योतीरामने धोतराचा सोगा तोंडावर दाबला. डोळ्यांत पाणी आलं, मानेच्या शिरा ताठल्या, छाती फुटेल असं झालं. त्याने ओठ आवळले, मांड्या आवळल्या, आणि खाकरा आत धरून ठेवला.